चौदाव्या मिनिटाचा सुळका

चंबूत मुळं घातली नव्हती, तरी चौदाव्या मिनिटाला सुळका उठला होता.

रसायनतज्ज्ञाने यंत्रातून आलेला कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. त्या कागदावर एकेका पदार्थाचा एकेक सुळका ठरलेल्या मिनिटाला उमटतो, आणि चौदाव्या मिनिटाचा सुळका त्याचा स्वतःचा होता. एकतीस वर्षांपूर्वी एका झुडपाच्या मुळांच्या अर्कात तो पहिल्यांदा दिसला. जगात कुणालाच ठाऊक नसलेला पदार्थ. त्यावर त्याने बावीस शोधनिबंध लिहिले, आणि आज चंबूत मूळ सोडा, मुळाला लागलेली मातीसुद्धा नव्हती. ज्यात मुळं उकळायची ते द्रावक होतं, काल दिवसभर नुसतंच उकळलेलं.

याला कोरा नमुना म्हणतात. ज्यात काही नाही त्यात काही दिसतंय का ते आधी पाहा, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात. तो दर सोमवारी कोरा नमुना करायचा, पण बाटलीतलं द्रावक थेट यंत्रात घालून. मुळांशिवाय ते सगळ्या मांडणीतून, चंबूला जोडलेल्या लाल रबरी नळीतून, उकळून न्यावं हे त्याला कधी सुचलंच नाही. आज तो निवृत्त होत होता, उद्यापासून खोली दुसऱ्याच्या ताब्यात जायची होती. सोपवायच्या कागदांत तसा एक रकाना होता आणि रकाना रिकामा सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं, म्हणून केला. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरंच.

लाल नळीचं भेंडोळं त्याने पहिल्याच वर्षी घेतलं होतं आणि जिवापाड जपलं होतं. रबरातून काहीतरी झिरपत होतं, एवढंच. बाहेरच्या दोन प्रयोगशाळांना तो पदार्थ सापडला नाही, तेव्हा त्याने त्यांना उतावळे ठरवलं. त्याच्या एका विद्यार्थिनीने सगळी मांडणी काचेची केली, तर तीन वर्षं तिच्या हाती काही लागलं नाही. तुझ्या हाताला गुण नाही, असं त्याने तिला चारचौघांत सुनावलं होतं. ती संशोधन सोडून गेली. जाताना सगळं काचसामान घासूनपुसून जागच्या जागी लावून गेली. हे आठवलं आणि तो बसायला वळला. पण स्टुलावर समारंभाचे गुच्छ ठेवलेले होते, त्यामुळे तो उभाच राहिला.

दार ढकलून बायको आत आली. चार वाजता त्याचा निरोपसमारंभ होता आणि ती ठेवणीतले कपडे घालून तासभर आधीच हजर झाली होती. एवढ्या संसारात ती इथे पहिल्यांदाच येत होती. त्याने बोलावलं नव्हतं असं नाही, पण सवतीच्या घरी कोण जातं, असं ती म्हणायची. त्या पदार्थाचं नावच तिने सवत ठेवलं होतं. जेवताना त्याची तंद्री लागली की ती मुलीला सांगायची, हाक मारू नकोस, बाबा सवतीकडे गेलेत. मुलगी हसायची, तोही हसायचा. बायकोची आई गेली त्या दिवशी अर्क अर्ध्यावर होता, म्हणून तो सगळं आटोपल्यावर पोचला. त्या दिवशी मात्र ती सवत म्हणाली नाही.

"आज दाखवा तरी," ती म्हणाली. "एकदा तोंड पाहू दे तिचं."

त्याने कपाटातून करंगळीएवढी कुपी काढली. तिचं तोंड काच वितळवून बंद केलेलं होतं आणि तळाशी पिवळसर, तेलकट असा एकच थेंब होता. बायकोने चष्मा कपाळावर सरकवला, कुपी उजेडात धरली, तिरकी केली. थेंब सावकाश सरकला.

"एवढीशीच?" तिच्या आवाजात राग नव्हता. उलट इतक्या वर्षांचं काहीतरी सैल होत होतं. "नाजूक आहे हो. मी मेली उगाच जीव जाळत बसले."

गप्प बसावं असं त्याला वाटलं. चार लोक चार चांगले शब्द बोलतील, मग घरी जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो रकाना तरी कोण वाचणार होतं? पण तिने कुपी दोन्ही हातांत इतकी सांभाळून धरली होती, की त्याला ते बघवेना.

"अगं, ती नव्हतीच," तो म्हणाला. "झुडपात असं काही नाहीये. ते या नळीचं रबर आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने कागद दाखवला, नळी दाखवली, नवख्या मुलाला समजवावं तसं पहिल्यापासून समजावून सांगितलं. बाहेर कुणीतरी खुर्च्या मांडत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. कुपी टेबलावर ठेवली आणि घरंगळू नये म्हणून तिला त्याच कागदाची घडी टेकवली.

"म्हणजे ती कधी नव्हतीच."

"नव्हती."

ती लाल नळीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे वळली.

"मग इतकी वर्षं तुम्ही होतात कुणाकडे?"