इस्त्रीचा शर्ट

तुरुंगात ब्रश धरायला शिकलेला आणि सुटल्यावर तीन वर्षं पुलाखाली झोपलेला चित्रकार स्वतःच्या पहिल्या प्रदर्शनाला गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. आयोजक बाईंचं तोंडच वाकडं झालं. “अहो, हे काय? लोकांना तुमचं दुःख दिसायला नको?”

मनातल्या मनात बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो भिंतीशी उभा राहिला. पाहुणे त्याला वेटर समजून त्याच्या हातात रिकामे ग्लास ठेवत होते. दाराशी मात्र फाटक्या पँटमधल्या एका दाढीवाल्या तरुणाला मिठ्या मारून सगळे डोळे पुसत होते. “काय काय भोगलंय हो तुम्ही!”



तो तरुण बाईंचा एकुलता एक मुलगा होता. पँट महागड्या दुकानातून फाटकीच आणलेली.