बांधावरची कॉफी

"साहेब, हा तंबू जल्दी हलवा!" रखमाजी बांधावरूनच ओरडले. "रान मोकळं पाह्यजे मला."

लिंबाच्या झाडाखाली मोटारसायकल उभी होती. तिला खेटून हिरवा, दोन हात उंचीचा तंबू. त्यापुढे चाळिशीतला एक माणूस मांडी घालून बसला होता आणि त्याच्या समोर मुठीत मावेल एवढी गॅसची शेगडी होती.

"हलवतो काका. काल अंधार पडला म्हून इथंच टेकलो. कॉफी करून राह्यलो, घोटभर घ्या. मंग निघतो."

रखमाजींना नाही म्हणायचं होतं. पण सकाळपासून पोटात चहा नव्हता. नंदाबाईंनी चूलच अडवून धरली होती. "आधी मेंढरं ठरवून या, मंग चहा," असं सांगून त्यांनी नवऱ्याला रानात पिटाळलं होतं.

नंदाबाईंचंही बरोबर होतं. दरवर्षी कापसाच्या पऱ्हाट्या निघाल्या की मेंढ्यांचा कळप वडीगोद्रीकडून इकडे सरकायचा आणि गावातल्या एकाच रानात आठ रात्री बसायचा. ज्याच्या रानात मेंढ्या बसल्या, त्याला खताची चिंता नाही. गेल्या वर्षी त्या शेजारच्या वसंताकडे बसल्या. वसंताचा कापूस छातीला लागला आणि वसंता वर्षभर मिशीला पीळ देत फिरला. यंदा मेंढ्या आपल्याकडेच बसल्या पाहिजेत, एवढं एकच रखमाजींच्या डोक्यात होतं. कळपाचा यंदाचा नवा म्होरक्या आज सकाळी रान बघायला यायचा होता.

रखमाजी टेकले. त्या माणसाने वीतभर लांबीची एक चक्की काढली, तिच्यात मूठभर दाणे टाकले आणि गुडघ्यात धरून सावकाश फिरवू लागला. वास असा सुटला की रखमाजींचा आवाज आपोआप खाली आला.

"नाव काय साहेब तुमचं?"

"आदिनाथ."

"काम?"

"फिरतीचं हाये. आठ महिने भाईर, चार महिने घरी. सकाळी तुमचं रान चारी अंगानं बघून आलो. बोरीला पाला बेस हाये."

रखमाजींनी ठरवून टाकलं, हा बियाण्याच्या कंपनीतला साहेब. जालन्याहून असे साहेब येतात, रान बघतात, गोड बोलतात आणि पिशवी गळ्यात मारून जातात. पण कॉफी पाजणारा साहेब त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

पाण्याला उकळी आली तशी आदिनाथने शेगडी बंद केली आणि नुसता बसून राहिला.

"आता काय झालं?"

"उकळतं वतलं की कडू होती. मिनिटभर दम धरायचा."

पेल्यावर बारीक जाळीची वाटी बसवून त्याने पूड टाकली. आधी चमचाभरच पाणी घातलं. पूड फुगून वर आली, तेव्हा कुठे बारीक धार धरली. चहा काळा पडेपर्यंत उकळणाऱ्या घरात उभी हयात गेलेले रखमाजी तोंड उघडं टाकून बघत होते.

"कुणी शिकवलं हे?"

"पोरीनं. प्रांजली संभाजीनगरला शिकून राह्यली. तिनंच हे सामान दिलं. म्हणती, बाबा, थंडीवाऱ्यात फिरता, निदान चांगलं तरी प्या."

आदिनाथने बाटलीतलं थोडं दूध घातलं. रखमाजींनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"दूध शेळीचं दिसतंय."

"ताजं हाये. कालच्या सांजेचं."

शहरात आता शेळीच्या दुधाचं खूळ आलंय, हे रखमाजी टीव्हीवर ऐकून होते. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. दुसरा घोट पहिल्यापेक्षा बरा लागला. कुणी आपल्यासाठी एवढ्या निगुतीनं काही केल्याला किती दिवस झाले, त्यांना आठवेना. फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं की रखमाजींच्या तोंडाला ब्रेक राहत नसे.

"साहेब, तुमच्यापासून काय लपवायचं? म्होरक्या आला की सौदा पक्का. मी बंदोबस्त करून ठेवलाय."

"कसला?"

"वसंताच्या रानात तणनाशक मारलंय, मेंढरं मरतील, असा निरोप परवाच टपरीवरून कळपाकडे धाडून दिला. नाव न सांगता." रखमाजी मांडीवर थाप मारून हसले.

आदिनाथने वर पाहिलं. "मंग मारलंय का त्यानं?"

"कशाचं! वेचणी झाल्यापासून पंपाला हात न्हाई लावला पठ्ठ्यानं. त्याचा पंप माझ्याच घरी पडून हाये!"

"बिलकुल न्हाई मारलं?"

"थेंबभर न्हाई. आईशप्पथ."

आदिनाथने उरलेली कॉफी रखमाजींच्या पेल्यात ओतली. स्वतःला थेंबही ठेवला नाही.

"तुमचा म्होरक्या वळखू येईल का?"

"न यायला काय झालं? म्होरक्या म्हणजे लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. कोसावरून वळखू येतो. तो दिसला की तुम्ही मात्र तंबू आवरा."

"आवरतोच आता."

आदिनाथने शेगडी थंड झाल्याची खात्री केली, चक्की फुंकून साफ केली आणि सगळं सामान एका डब्यात बसवलं. तंबूची घडी मोटारसायकलच्या मागे बांधली. रखमाजी पेला दोन्ही हातांत धरून वडीगोद्रीच्या वाटेकडे बघत बसले होते. उन्ह कोवळं होतं आणि जिभेवर कॉफी रेंगाळत होती. नंदाबाईंना काय ऐटीत बातमी सांगायची, तेही मनात ठरून गेलं होतं.

आदिनाथने फोन कानाला लावला.

"हां, शिवकन्या, कळप घेऊन कुठवर आली? मंग बिनघोर वळव मेंढरं वसंताच्या रानात. तिथं थेंबभर फवारलेलं न्हाई. निरोप धाडणाऱ्यानंच शपथ घेऊन सांगितलंय."