कोंड्याचं पाणी

आयोडिनचा थेंब कापडावर पडला आणि जांभळा झाला.

"निळा," काका म्हणाले.

"जांभळा," पुतणीने सांगितलं. "सकाळी काळानिळा येत होता. म्हणजे खळ सुटतेय. आता तपकिरी होईल, मग थेंब नुसता पिवळा राहील. पिवळा राहिला की झालं."

"आणि तोवर मी काय करू? टाकीभोवती फेर धरू?"

टाकीत मागावरून आलेलं कोरं कापड घड्या घालून बुडवलेलं होतं. विणताना सुतावर चढवलेली खळ आणि कापसाच्या अंगचं मेण निघाल्याशिवाय त्यावर रंग बसत नाही. या कारखान्यात ते काम काकांच्याही आधीपासून कॉस्टिक सोडाच करत आला होता. रटरटती उकळी, डोळ्यांत झोंबणारी वाफ आणि शेवटी मागच्या नाल्यात सोडून दिलेलं तपकिरी पाणी. आज टाकीत उकळी नव्हती. गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून तिच्यातून गाळून काढलेलं, खळ विरघळवणारं एन्झाइम पुतणीने पाण्यात सोडलं होतं. पाणी आंघोळीइतकं कोमट. वास आलाच तर ओल्या पोत्याचा.

काकांचं नेमकं तिथेच अडत होतं. जिथे नाक झोंबत नाही तिथे काही काम चाललंय, हे त्यांना पटेना.

"गुरांचं खाणं घालून कापड धुवायला निघालीय," ते रंगाईच्या मास्तरांना म्हणाले. "पावाला बुरशी आली तर हिची काकू अख्खा डबा घासून उन्हात टाकते. आणि ही बया एक खोली अडवून बुरशी पोसतेय!"

मास्तर कसनुसं हसले. हसल्याशिवाय सुटका नव्हती.

बोलणं सगळ्यांसमोर झालेलं होतं. हा एक लॉट तिच्या पद्धतीने. संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर त्यावर रंग नीट बसला, तर पुढचे लॉटही तसेच. डाग पडले, तर बुरशीचे ट्रे बाहेर आणि त्या खोलीत कॉस्टिकची पिंपं.

काकांनी आवाज खाली आणला. "हे बघ, मी काय वैरी आहे तुझा? एक बादली कॉस्टिक घालू. फक्त एक. तुझंही राहील, माझंही राहील. कापड निघालं की नाव तुझंच सांगेन."

"कॉस्टिक पडलं की एन्झाइम संपलं, काका."

"मेलं तर मेलं. बुरशीचं सुतक धरायचंय का आता?"

"ते जिवंत नसतंच. निकामी होतं." तिने बाटलीचं बूच लावलं. "मग कापड साफ करणार कॉस्टिक, आणि नाव कोंड्याचं. उद्या दोन बादल्या घालाल. परवा म्हणाल, कोंडा हवाय कशाला."

"मास्तर," काका म्हणाले, "बादली आणा."

मास्तर बादली घेऊन आले. ती अंगापासून लांब धरून, कमरेत एका बाजूला कलून चालत आले. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातांवर गुळगुळीत, बिनकेसांचे चट्टे होते. कारखान्यातल्या सगळ्याच जुन्या माणसांचे हात तसे होते. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

पुतणीने बाह्या वर सारल्या. टाकीच्या काठाशी गुडघे टेकले आणि दोन्ही हात दंडापर्यंत पाण्यात घातले. बोटं घड्यांच्या आत शिरली. कापड बुळबुळीत लागत होतं. सकाळी ते पुठ्ठ्यासारखं होतं.

"ओता, मास्तर."

मास्तर जागच्या जागी थांबले.

"हे काय चाळे?" काका म्हणाले. "हात काढ."

"काढते. पिवळा आला की."

"अगं, संध्याकाळी माणूस यायचाय! त्याला काय दाखवू? पुतणी टाकीत हात घालून बसलीय?"

"दाखवा की. आपल्या टाकीत हात घालून कोणी बसलेलं त्याने कधी बघितलंय?"

घड्या घालणाऱ्या बायकांमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बॉयलरवरचा माणूस दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, मी सांगतोय ना. ओता."

"साहेब, पोरीचे हात आहेत आत."

"तुम्ही बादली कलती केलीत की काढेल. बापासारखी हट्टी असली तरी वेडी नाही ती."

मास्तरांनी बादली खाली ठेवली. आतलं कॉस्टिकचं पाणी हिंदकळलं, थोडं कडीवर आलं. मग ते दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

एवढ्या पाण्यात एक बादली पडली तर द्रावण किती तीव्र होईल, हे तिने मनातल्या मनात मांडून पाहिलं. कातडी भाजायला पुरेसं होतं. हात तिने काढले नाहीत.

"तुम्ही ओता ना, काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमची टाकी, तुमची बादली. मी आडवी येत नाही. इथेच बसलेय."

काका तरातरा पुढे आले. बादलीपाशी वाकले. हात कडीकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला. कडी ओली होती.

ते सरळ झाले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, दारातल्या माणसाकडे पाहिलं.

"अरे, माझे हातमोजे आणा कोणीतरी."

कोणी हललं नाही.