अंजनाबाईची जीप

जीपची चारही चाकं वेसाव्याच्या ओल्या वाळूत अर्धी रुतली होती आणि भरती सुरू झाली होती. धर्माने पुन्हा स्टार्टर दाबला. इंजिन नुसतं कण्हलं.

अंजनाबाईने ही जुनी जीप लष्कराच्या लिलावात घेतली होती. नवरा गेल्यावर तिच्या दोन्ही होड्या वाळूवर ओढून घ्यायची ती हीच, आणि चालवायचा तो धर्मा. जीप गेली की बाईच्या धंद्याची वाट लागली.

होड्यांची मशीनं बघणारा महादू बॉनेटमध्ये डोकं घालून होता. त्याने प्लग काढले, काजळी पुसली, परत बसवले. "स्पार्क झकास हाय. तेल पन येतंय. मग पेटत का नाय रं ही?"

धर्माला ठाऊक होतं. टाकीतलं पेट्रोल काढून विकायचं आणि तेवढंच रेशनचं रॉकेल ओतायचं, हा त्याचा उद्योग होळीपासून चालू होता. गरम इंजिन ते निमूट पचवायचं. आज लाट अंगावर येऊन इंजिन गार पडलं, बंद झालं, आणि आता रॉकेल काही केल्या पेट घेईना.

काढलेल्या चोख पेट्रोलचे दोन डबे त्याच्या घरी खाटेखाली होते. पंप लांब, जाऊन येईस्तोवर बॉनेट पाण्याखाली. डबा आणावा, तर चोरी उघडी पडणार, कोळीवाड्याच्या जमातीपुढं मान खाली घालून उभं राहावं लागणार. न आणावा, तर जीप समुद्राची. स्वतःची लाज वाटत होती, पण पाय हलत नव्हते.

पाणी बंपरला लागलं. सगळे इंजिनाकडे बघत होते. अंजनाबाई तेवढी धर्माकडे बघत उभी होती.

पुढची लाट पायदानावर चढली, तसा धर्मा उडी टाकून घराकडे पळत सुटला.

डबा आला. महादूने कार्बोरेटर रिकामा केला, प्लग पुन्हा पुसले, टाकीची नळी काढून डब्यात सोडली. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं. वीस जणांनी मागून रेटा दिला आणि जीप कोरड्या वाळूवर आली.

"हं पेट्रोल कुठशी आनलंस रं?" महादूने विचारलं.

सगळे धर्माकडे वळले.

"मीच दिल्तं त्याला ठेवाला," अंजनाबाई म्हणाली. "नडीअडीला."

लोकांनी धर्माच्या पाठीवर थापा मारल्या. त्यापेक्षा मार पडला असता तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं.

अंजनाबाई शेजारच्या सीटवर येऊन बसली. माणसं मागे पडल्यावर, समोर बघतच, हळू आवाजात म्हणाली, "होळीपासून रॉकेलचा वास येतोय मना. आज बघाचं होतं, जीपला बुडवतोस का सोताला. दुसरा डबा उद्या आनून ठेव."