चौथा टेकू

"जोडा," मुख्य तपासनीस म्हणाले आणि त्यांनी दोघांसमोर एकेक खोकं सरकवलं.

खोक्यावर जुन्या काळातल्या लढाऊ विमानाचं चित्र होतं. एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामध्ये बारीक टेकू, नाकाशी लाकडी पंखा. आत प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले विमानाचे भाग, गोंद, पातं, कानस, रंग आणि सूचनांचा कागद. खोक्याची चिकटपट्टी आधीच सोडवलेली होती, त्यामुळे उघडायचे कष्टही वाचले.

तो मनातल्या मनात हसला. विमानदुरुस्तीच्या या कारखान्यात तपासनीसाची एकच जागा होती. उमेदवार गळत गळत दोनच उरले होते, आणि शेवटची परीक्षा निघाली ती ही! शाळेत असल्यापासून तो अशी विमानं जोडत आला होता. घरात फ्रिजवर, पुस्तकांवर, ताईच्या कपड्यांच्या कपाटातसुद्धा विमानं उतरलेली असत. ताई त्याला 'चिकट्या'च म्हणायची, गोंदामुळे आणि स्वभावामुळेही. आज निघताना दारात म्हणाली, "चिकट्या, वर्षभर विमानंच चिकटवलीस. आता नोकरी चिकटव."

"विमान उडायला लायक आहे, असं लिहून खाली सही करायची, एवढंच हे काम," मुख्य तपासनीस दारात वळून म्हणाले. "मी शेजारच्या खोलीत आहे. काही लागलं तर या."

पलीकडच्या खुर्चीवर जाड चष्म्याची मुलगी होती. तिने चौकटीतून भाग तोडले ते शेंगा सोलाव्यात तसे. खालच्या पंखावर तिच्या अंगठ्याचा गोंदाळ ठसाही उमटला.

"अहो, गोंद नळीतून थेट नका लावू," त्याला राहवेना. "टाचणीच्या टोकाने लावा."

"हो का? मी आधी कधी केलंच नाहीये हे."

"जमेल हळूहळू," तो म्हणाला. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं?

त्याचे हात आपोआप चालत होते. धडाचे दोन भाग जुळले, खालचा पंख बसला. मग टेकू, प्रत्येक बाजूला दोन. तीन टेकू आपापल्या खाचेत टक्कन बसले. चौथा मोहरीच्या दाण्याएवढा कमी पडला. तसाच चिकटवला असता तर वरचा पंख उजवीकडे झुकला असता. त्याने टेकू डोळ्यांजवळ धरला. एक टोक गोल, दुसरं सपाट. साच्यातच खोट असणार. स्वस्तातला माल, दुसरं काय!

त्याच वेळी चष्मेवालीही तिचा टेकू उजेडात धरून बघत होती. तिने तो दोनतीनदा खाचेत घालून पाहिला, मग उठून शेजारच्या खोलीत गेली. काचेतून दिसत होतं, ती खाली मान घालून काहीतरी सांगत होती. परत येऊन ती हात बांधून बसली. तिच्या विमानाला वरचा पंखच नव्हता.

"काय झालं?"

"बसत नाहीये तो."

"मग सर काय म्हणाले?"

"'बरं' म्हणाले."

त्याला तिची कीव आली. नाचता येईना अंगण वाकडं! बाबांची ही लाडकी म्हण. लहानपणी मोडक्या पेन्सिलीची तक्रार केली तरी ते हीच ऐकवायचे. मालाला नावं ठेवायची नाहीत, हे त्याच्या अंगात भिनलं होतं.

"मी देऊ का करून? सोपं असतं हो."

"नको. पण करता कसं?"

त्याने दाखवलं. उरलेल्या चौकटीची बारीक चकती कापली, टेकूच्या टोकाला चिकटवली, वाळल्यावर कानशीने घासली, वरून रंगाचा एक हात. "बघा, कुणाच्या बापाला कळायचं नाही."

तिने चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. "खरंच," ती म्हणाली, "कळत नाही."

रंग वाळल्यावर त्याला आत बोलावलं. मुख्य तपासनिसांनी त्याचं विमान दिव्याखाली धरलं, भिंगातून सगळीकडून पाहिलं. वरचा पंख पाण्यासारखा समतल होता. त्यांच्यामागच्या खिडकीतून खरं विमान दिसत होतं, पोट उघडं टाकून कारागिरांची वाट बघत उभं.

"काय सफाई आहे हो हाताला! इतक्या वर्षांत इथे कुणाची पाहिली नाही."

त्याचे कान गरम झाले. ताईला काय सांगायचं, ते शब्दसुद्धा जुळायला लागले.

"करताना काही अडचण?"

क्षणभर त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आपणच आपला जोड दाखवायचा, तर एवढी सफाई केली कशाला?

"नाही सर. सगळे भाग व्यवस्थित बसले."

"चौथा टेकूही?"

"एकदम."

मुख्य तपासनिसांनी मान डोलावली. भिंग खाली ठेवलं, खिशातून काडेपेटी काढली आणि विमानाशेजारी हलकेच उपडी केली. मोहरीएवढे दोन राखाडी तुकडे टेबलावर पडले.

"यातला एक तुमच्या टेकूचा," ते म्हणाले. "काल मीच कापून ठेवला होता."