उपाशी गोचीड

"बाबा, दार लावा आणि आहात तिथेच उभे राहा," सून म्हणाली.

ती घरी विसरलेला डबा घेऊन सासरे पहिल्यांदाच तिच्या प्रयोगशाळेत आले होते. शेजाऱ्यांनी "सून काय करते?" विचारलं, की ते सांगत, "बसून असते दिवसभर. पक्ष्यांच्या कानात बघते."

आत्ता तिच्या मुठीत समुद्र ओलांडून आलेला एक चिमुकला पक्षी होता. त्याच्या पिसांतला गोचीड नुकताच टेबलावरून खाली पडला होता.

"तिळाएवढ्या किड्यासाठी एवढा थाट?"

"पक्षी जिथून आलाय, तिथे माणसं तापाने मरताहेत. तो ताप आपल्याकडे पोचलाय का, हे या गोचिडाला तपासून कळेल. आणि तो उपाशी आहे."

सासऱ्यांनी लगेच पँट मोज्यांत खोचली.

तिने पक्षी कापडी पिशवीत ठेवला, जमिनीवर पांढरी चादर अंथरली आणि मधोमध मांडी घालून बसली. "श्वासाचा माग काढत येतो तो. आपण फक्त श्वास सोडायचा."

"म्हणजे आमिष तूच?"

"दुसरं कोण आहे इथे?"

सासरे चादरीच्या कडेला येऊन बसले आणि भात्यासारखे फुसफुसू लागले.

"बाबा, श्वास म्हटलं मी. वादळ नको."

"तुझ्याकडे जायला नको तो. माझं काय, जगून झालंय."

"गप्प बसा हो."

बराच वेळ काहीच झालं नाही. ती हललीसुद्धा नाही. मग कपाटाखालून एक ठिपका निघाला आणि लगबगीने सासऱ्यांकडेच आला. त्यांचा हात आपोआप चपलेकडे गेला.

"चप्पल खाली! साक्षीदार आहे तो!"

साक्षीदार मोज्यावर चढला. सासऱ्यांनी डोळे मिटले. चिमटा आला, पिसासारखा टेकला, गेला. गोचीड बाटलीत सहाही पाय झाडत होता.

"सहा?" सासऱ्यांनी घाबरून विचारलं. "गोचिडाला आठ असतात ना? उरलेले दोन माझ्या मोज्यात राहिले?"

"पिल्लू आहे. त्यांना सहाच असतात."

झाकण घट्ट बसलं, आणि मगच तिने मांडी मोडली.

संध्याकाळी जिन्यात शेजाऱ्याने हटकलं. "काय हो, पाहिलंत का आज, सूनबाई काय करते ते?"

"बसते," सासरे छाती काढून म्हणाले. "पण कशी बसते, ते बघायला पाहिजे!"