दिलावरच्या फटफटीला हरकत

दिलावरच्या फटफटीला कागद मिळाले ते सावळेराममुळे. पण असं काही घडलंच नाही असं धरून चालू, कारण सावळेराम स्वतः तसंच धरून चालतो.

त्या दिवशी तो जुन्नरच्या चावडीत मोटारखात्याच्या साहेबापुढं उभा होता. काखेत वही होती. दिलावरची फटफटी आज सरकारजमा होणार, या आनंदात त्यानं सकाळी दोनदा दाढी केली होती.

फटफटी लष्करातली, जुनी, हिरवी. दिलावरनं ती त्रेपन्न सालच्या दिवाळीत खडकीच्या एका भंगारवाल्याकडून आणली. भंगारवाल्यानं फटफटी दिली, हवेचा पंप दिला, वर चहा पाजला. कागद तेवढे दिले नाहीत. ज्या घरात पाच पिढ्या हातकागद बनत आला, त्या घरातल्या माणसाकडं आपल्या गाडीचा चिटोराही नव्हता. आता सत्तावन्न सालात नोटीस लागली होती: दिलावर ही गाडी चार वर्षं आपल्या ताब्यात आहे म्हणतो, कुणाची हरकत असेल त्यानं समक्ष यावं.

सगळ्या गावात हरकत एकाचीच निघाली. सावळेराम दिलावरच्या समोरच्या दारचा. दोघं एकाच सायकलवर शाळेत जायचे, आणि ती सायकल सावळेरामची होती. फटफटी आली, सायकल गंजली. सावळेराम नाक्यावर कारकून होता. येणारी-जाणारी गाडी लिहून घेणं हेच त्याचं काम. फटफटीसाठी मात्र त्यानं घरची वेगळी वही घातली. आवाज आला की हातातला घास ताटात पडायचा आणि टाक हातात यायचा.

त्याची बायको झुंबरबाई एकदा म्हणाली, "अवो, लंकाबाईची शेळीसुदिक त्या फटफटीवर बसून जनावराच्या दवाखान्यात जाऊन आली. गल्लीत तुमीच तेवढं ऱ्हायला."

"मला नाय बसायचं," सावळेराम म्हणाला, आणि शेळीची नोंद करून मोकळा झाला.

चावडीत साहेबांनी दिलावरला विचारलं, "चार वर्षांच्या ताब्याला पुरावा काय?"

"साहेब, समद्या गावाला ठावं हाय."

"गावाची सही चालत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी जप्तीचा हुकूम पुढं ओढला.

सावळेरामनं आता फक्त गप्प राहायचं होतं. पण चार वर्षं एवढी वही लिहिलेल्या माणसाला गप्प राहता येत नाही.

"थांबा साहेब! असं नुसतं जप्त नगा करू. ह्यो चार वर्षं बिनकागदाचा उंडारतोय. तारीखवार देतो!" आणि त्यानं वही टेबलावर आपटली.

साहेब वाचू लागले. चहा आला, निवला, माशीनं घेतला. साहेब वाचतच होते.

"एकही दिवस सुटलेला नाही," ते म्हणाले. "एका पानावरचं अक्षर वेगळं दिसतं."

"त्या दिशी मला ताप व्हता. मी सांगितलं, मंडळीनं लिवलं."

साहेबांनी चष्मा पुसला. "सध्या जो तो कूळकायदा घेऊन येतो आणि वहिवाट सांगतो. अशी वहिवाट मी आजवर पाहिली नाही. चार वर्षांचा अखंड ताबा, आणि तोही शत्रूच्या हस्ताक्षरात. याच्यापुढं काय पुरावा मागायचा?"

जप्तीचा हुकूम बाजूला गेला. दिलावरच्या अर्जावर शिक्का बसला.

सावळेरामला खाली बसायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो बसला.

"पण एक कळलं नाही," साहेब म्हणाले. "हे प्रत्येक ओळीच्या शेवटी काय लिहिलंय?" आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. "सकाळी सात, लेण्याद्रीकडं. मागची सीट रिकामी. दुपारी दोन, घोडेगावाकडं. मागची सीट रिकामी. रविवार, बाजारातून दवाखान्याकडं. मागं शेळी. परत येताना शेळी. सोमवार. मागची सीट रिकामी."

सावळेराम आढ्याकडं बघत होता.

"सावळ्या," दिलावर हळूच म्हणाला, "पहिल्या दिशी तूच म्हणला व्हतास, मला पेट्रोलचा वास सोसत न्हाई."

"म्हणायचं असतं तसं. फुडल्या दिशी इचारायचं असतं."

बाहेर येऊन दिलावरनं किक मारली. "चल, बस मागं. लेण्याद्रीला जाऊन येऊ."

"नाय बसणार. मी नाक्यावरचा माणूस हाय. मी बिनकागदाचा कशावर बसत नसतो."

दिलावरनं फटफटी बंद केली. पिशवीतून घरचा एक जाड कोरा कागद काढला आणि सीटवर पसरला. "घे कागद. लिव."

सावळेराम तिथंच वाकला आणि वळणदार अक्षरात लिहिता झाला: "मेहेरबान साहेबांचे सेवेशी अर्ज ऐसा जे, सदर फटफटीची अर्जदाराने चार वर्षे, ऊन, पाऊस व ताप न जुमानता, डोळ्यांनी वहिवाट केलेली आहे. सबब तिच्या मागच्या सीटला अर्जदाराचे नाव कूळ म्हणून लावावे, व शेळीचा पूर्वीचा हक्क रद्द करण्यात यावा, ही विनंती."